हाकेला ओ देणारं इंजिन

पहिल्याच दिवशी त्यांनी मला "अवो मास्तर" अशी हाक मारली आणि माझ्या हातातली पत्र्याची पेटी माझ्याच पायावर पडली.

अंगठा ठेचला, पण कळ नंतर आली. आधी मी मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीशी कुणी खराखुरा मास्तर उभा आहे की काय म्हणून. कुणी नव्हतं. काळी जमीन होती, लांबवर बाभळी होत्या आणि कॅनॉलच्या कडेनं पाण्याची एक बैलगाडी चालली होती. मी कोकणातला, समुद्राच्या काठचा. इंग्रजी तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. वडील मला आठवतही नाहीत, घरी आई एकटी. गावच्या एका गृहस्थांनी चिठ्ठी दिली, म्हणून दौंडला गाडी बदलून बारामतीला उतरलो आणि तिथून पुढं धूळ खात या मळ्यावर आलो होतो. तोवर मला आईनं 'अरे' म्हटलं होतं, मामानं 'अरे' म्हटलं होतं आणि शाळेतल्या मास्तरांनी 'अरे गाढवा'. 'अहो' हे ज्यांचं लग्न झालंय किंवा ज्यांच्या नावावर जमीन आहे, त्यांच्यासाठी असतं अशी माझी पक्की समजूत होती.

धक्का एवढ्यावर संपला नाही. हाक मारणाऱ्या त्या गृहस्थांच्या शेजारी दगडावर एक म्हातारा बसला होता. पांढऱ्या झुपकेदार मिशा, तोंडात दात नाहीत, वयानं त्यांच्याहून चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा. हे गृहस्थ त्याच्याकडे वळून म्हणाले, "आरं भिव्या, सरक की तिकडं. मास्तर उभं हायेत, दिसत न्हाय व्हय रं तुला?"

म्हातारा सरकला. नुसता सरकला नाही, हसतहसत सरकला. आमच्या गावात वडीलधाऱ्याला कुणी असं बोललं असतं तर त्याला वाळीत टाकलं असतं. मी त्या दगडाच्या अगदी कडेला टेकलो, आणि मनात म्हटलं, आपण वेड्यांच्या हाती सापडलो. रात्री आईला पोस्टकार्ड लिहिलं त्यात मात्र लिहिलं, की माणसं चांगली आहेत. परत जायला भाडं नव्हतं, दुसरं काय लिहिणार?

त्यांचं नाव मी सांगत नाही. मळ्यावर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणतो. मळा कळंब आणि बावड्याच्या मधल्या पट्ट्यात होता, एका साखर कंपनीचा. तीही आता नाही. मिस्त्री त्या मळ्यावरच्या वाफेच्या नांगराचे फोरमन. काळा कोट, खाली धोतर. कोटाच्या आत सदरा कधी असे, कधी नसे. उन्हाळ्यातसुद्धा कोट उतरत नसे, कारण त्याला दोन मोठे खिसे होते. डाव्या खिशात गुळाचे खडे, उजव्या खिशात भाजलेले चणे.

या खिशांनी मला दुसरा धक्का दिला. दुपारच्या सुट्टीत मिस्त्री सगळ्यांमधून फिरत. गूळ देत तो तरण्या पोरांना, ज्यांचे दात दगड फोडतील असे होते. आणि चणे देत ते म्हाताऱ्यांना. भिवाआबाच्या तोंडात तर नावालाही दात नव्हता. तरी त्याच्या तळहातावर मूठभर चणे पडत आणि तो ते एकेक करून गालात सारी. दिवस मावळेपर्यंत ते चणे त्याच्या गालात भिजत पडलेले असत. मला हे क्रूर वाटलं. धीर करून एकदा मी म्हटलंच, "मिस्त्री, उलटं झालं का हो तुमचं? आबांना गूळ बरा पडेल."

"गूळ त्येला सून देती की," मिस्त्री म्हणाले. "मऊ भात देती, भाकरी कुस्करून देती. घरात समदी त्येच्यापुढं मऊ करून ठेवत्यात. चणं कोन देतंय? चणं हातावर पडलं की त्येला वाटतं, आजून मला कुनीतरी दाताचा धरतंय."

"आणि अरे-तुरेचं काय?" मी विचारलं. आता विचारलंच आहे तर सगळं विचारून घ्यावं.

मिस्त्रींनी पटका काढला, डोकं खाजवलं. "भिव्याची आई मेली, बा मेला, थोरला भाऊ मेला. त्येला 'आरं' म्हननारं कोन उरलं सांगा बरं? समदी आबा, आबा. पाया पडत्यात आन् बाजूला बसवत्यात. मानूस वयानं म्हातारा व्हत न्हाय मास्तर, बाजूला बसिवल्यानं व्हतो. आन् तुमा पोरास्नी 'आरं' म्हनायला आख्खा गाव हाय. त्यात आमी कशाला भर घालायची?"

हे ऐकूनही मला ते पटलं नाही. पण त्या दिवसापासून ते "अवो मास्तर" म्हणाले की मी पाठ ताठ करून उभा राहायला लागलो, हे खरं. हजेरी घ्यायचं माझं काम. आधी अक्षर तिरकं जायचं. 'अहो' म्हणवून घेणाऱ्या माणसाचं अक्षर तिरकं कसं चालेल?

आता नांगर कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेताच्या दोन टोकांना वाफेची दोन अवजड इंजिनं समोरासमोर उभी राहत. मध्ये पोलादी तारांचा दोर, त्या दोराला नांगर. हे इंजिन ओढी तेव्हा नांगर इकडे येई, ते ओढी तेव्हा तिकडे जाई. तो वळवायचा नसे. तराजूचं पारडं कलंडावं तसा या अंगाचा त्या अंगाला कलंडवायचा. नांगरावर दोन माणसं बसत. पुढचा चाक धरून तास, म्हणजे नांगराची चर, सरळ ठेवणारा, तो भिवाआबा. मागचा काहीच करत नसे. फाळ जमिनीत रुतून राहावेत म्हणून तो नुसता बसे. त्याला नावच होतं 'वजन'. हजेरीत मीही तसंच लिहीत असे. मळ्यावर त्याहून खालचं काम नव्हतं. कुठलाही नवा, अडाणी, निरुपयोगी माणूस आला की म्हणत, "बसवा वजनाला."

इंजिनांवर तरणी पोरं होती, नांगरावर आणि दोरावर जुने नांगरकरी. बैलांचे नांगर गेले तेव्हा ही म्हातारी माणसं कंपनीनं या कामावर घेतली होती. लांबच्या इंजिनावर नामदेव होता, जळोचीचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बारामतीत ऑइल इंजिनाच्या दुरुस्तीवर हात काळे करून आलेला. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याला त्याचं दुखणंखुपणं कळे. पण तोंडाचा तिखट.

रीत अशी होती, की नांगर टोकाला पोचला, कलंडला, की समोरचं इंजिन शिट्टी देई. शिट्टी म्हणजे 'आता ओढतो, बसा.' नामदेवची शिट्टी झाली की भिवाआबा कमरेची चंची काढी. पान निवडी, चुना शोधी, सुपारी कातरी. शिट्टी पुन्हा होई, आबा तंबाखू मळत राही. इंजिन वाफ सोडत उभं, तार ताणून उभी, आणि मधोमध हा माणूस निवांत.

"आबा, शिट्टी ऐकू येत नाही का?" मी एकदा पळत जाऊन विचारलं. मॅनेजरसाहेबांनी पाहिलं तर माझ्यावर येईल ही मला धास्ती.

"येती की," आबा म्हणाला. "शिट्टी मेंढराला मारत्यात, न्हायतर कुत्र्याला. कालचं पोरगं मला शिट्टी मारनार आन् म्या टुनकन उडी मारून बसनार व्हय?"

एक दिवस नामदेवचं डोकं फिरलं. त्यानं शिट्टी दिली, दुसऱ्यांदा दिली, आणि आबा अजून एकच पाय नांगरावर ठेवून चंची बांधतोय तोवर इंजिनाचा दांडा ओढला. तार झणझणली. नांगर उसळला. आबा उताणा तासात पडला आणि फाळ त्याच्या मांडीला चाटून, धोतर फाडून पुढं गेला.

मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा नांगर थांबला होता. इंजिन थांबलेलं. आबा मातीत बसला होता, जिवंत, मिशीला ढेकळं लागलेली. मला वाटलं, आता मिस्त्री नामदेवला तुडवणार. माणसं तीच वाट पाहत होती. दोघंतिघं तर त्याला धरायच्या तयारीनं इंजिनाकडे निघालीही होती.

मिस्त्री आबापाशी गेले, वाकले, म्हणाले, "आरं भिव्या, धोतर फाटलं की रं तुझं." मग शेत ओलांडून इंजिनाखाली उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "अवो नामदेवराव, जरा खाली येता का?"

तेव्हाही 'अवो'! माणूस मरता मरता वाचलेला, आणि यांच्या तोंडी 'येता का'! मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. नामदेव खाली आला. तोंड पांढरं पडलेलं. मिस्त्रींनी त्याला नांगरावर नेऊन आबाच्या जागी बसवलं. आणि आबाचा दंड धरून त्याला इंजिनावर चढवलं. दांड्यावर त्याचा हात ठेवला.

"हं, भिव्या. ओढ."

आबाला हे इंजिन जन्मात चालवता येत नव्हतं, पण दांडा ओढला की तार ताणते एवढं त्याला ठाऊक होतं. समोर, शेताच्या पार त्या टोकाला, नांगरावर नामदेव बसला होता. एवढासा दिसत होता. आबा बघत राहिला.

"ओढ की," मिस्त्री म्हणाले. "त्येनं ओढलं का न्हाय?"

"हितनं मानूस केवढंसं दिसतंय वं मिस्त्री," आबा म्हणाला. "पाय वर हाय का खाली, कायबी कळंना. माझ्याच्यानं न्हाय हुयाचं. पोरगं हाय तितं."

नामदेवला नांगरावर काय वाटलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. उतरताना पाय पुरता जमिनीवर टेकला की नाही ते त्यानं वाकून पाहिलं, एवढं मला दिसलं.

मिस्त्रींनी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि नवी रीत सांगितली. इंजिनानं आधी शिट्टी द्यायचीच नाही. आबानं नांगरावर नीट बसायचं, मग पटका सोडून हात वर करायचा. ती आबाची हाक. मग इंजिनानं शिट्टी द्यायची. ती इंजिनाची ओ. मग ओढायचं.

"थोरल्यानं हाक मारायची, धाकट्यानं ओ द्यायची," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या घरात दुसरं काय व्हतंय?"

शिट्टी तीच, तार तीच, माणसं तीच. दुसऱ्या दिवशी आबाची चंची कमरेलाच राहिली. पटका वर जाई, शिट्टी होई, नांगर हले. दोनतीन दिवसांनी तर आबा पटका असा झोकात उडवायला लागला, की जणू लग्नात वरातीपुढं चाललाय. माझा विश्वास बसेना. महिनाभर मी हजेरी घेता घेता मध्येच थांबून बघत असे, की आज तरी मोडेल.

तरण्यांनाही मिस्त्री मोकळं सोडत नसत. पोरं कुरकुरली, की म्हातारे सावकाश चालतात, तर मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे वळत. "मास्तर, लिवून घ्या. ह्यांनी म्हातारं न व्हायचं ठरिवलंय. कसं जमिवनार इच्यारा, आमालाबी शिकू द्या." आणि म्हातारे म्हणाले, की आजकालच्या पोरांना कष्ट नकोत, तर म्हणत, "भिव्या, तुझ्या बानं तुझ्याबद्दल काय म्हटलं हुतं ते सांगू का समद्यास्नी? मला ठावं हाय." आबा लगेच गप्प. मिस्त्रींना काही ठाऊक नव्हतं. पण कुठल्या बापानं ते म्हटलेलं नसतं?

त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल मला नामदेवनं सांगितलं. मिस्त्री बावड्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मोठ्या लढाईत बसऱ्याला गेले, तिथं इंजिनांवर काम शिकले. परत आले तेव्हा मानमोडीच्या तापानं घरातलं एकूण एक माणूस गेलं होतं. आई, बाप, बायको, पोर. दाराला बाहेरून कडी लावलेली होती, एवढंच. हे ऐकून मी त्या रात्री जेवलो नाही. मी आईपासून लांब आहे म्हणून रडत होतो, आणि हा माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या हातावर चणे ठेवत फिरत होता.

मग ते वर्ष आलं. मॅनेजरसाहेब नवे, विलायतेला शिकून आलेले, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मिस्त्रींना बंगल्यावर बोलावलं, हजेरीचं पुस्तक घेऊन मीही मागं गेलो. साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फार केलंत. आता ऊन नको. वर्कशॉपात तुमच्यासाठी खुर्ची टाकतो, पंखा ओढायला माणूस देतो. नांगरावर फोरमन नामदेव."

मला आनंद झाला. मिस्त्री मात्र, ती नवी खुर्ची हीच असावी तसे, साहेबांच्या खुर्चीकडे बघत राहिले.

मळ्यावर ही बातमी पोचली आणि सगळं उलटं झालं. म्हातारे बाभळीखाली जमले. सगळ्यांचं बोलणं आबाच्या तोंडून आलं. "शिट्टीची गोष्ट येगळी. तितं म्या हाक मारतो, ते ओ देतं. आता ते हाक मारनार आन् म्या ओ द्यायची? जळोचीचं पोरगं मला ऊठ म्हननार, बस म्हननार? त्यापरीस घरला जातो."

नामदेव तर रडकुंडीला आला. "मला नगं ती फोरमनकी. आबा माझ्या चुलत्यावानी हायेत. त्यास्नी कसं सांगू म्या?"

साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सोमवारी सकाळी जो नामदेवच्या हुकमानं कामाला लागणार नाही, त्याचं नाव हजेरीतून काढून टाका. तरणी माणसं हवी तेवढी मिळतात."

नाव काढायचं ते मी. भिवाआबाचं. घरी त्याच्या मुलाचा पाय अधू, नातवंडं लहान. आबा गेला तर चूल कशी पेटायची? मी धावत मिस्त्रींकडे गेलो. "तुम्ही सांगा ना त्यांना! तुमचं ऐकतील."

मिस्त्री इंजिनाचं पितळ पुसत होते. "सांगून कोन ऐकतंय मास्तर," एवढंच म्हणाले, आणि पुसत राहिले. मला वाटलं, खुर्ची मिळाली आणि माणूस बदलला. रविवारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आबांना हजेरीतून काढलं तर उद्या मलाही असंच कुणी काढील, हाच विचार.

सोमवारी सकाळी साहेब मोटारीतून आले, बांधावर उभे राहिले. म्हातारे बाभळीखाली बसलेले, आबा सर्वांत पुढं. नामदेव मान खाली घालून इंजिनाच्या चाकाशी. आणि मिस्त्री आले. अंगात कोट नव्हता. इतक्या दिवसांत मी त्यांना कोटाशिवाय पाहिलं नव्हतं. कोट त्यांच्या हातात होता. त्यांनी तो नामदेवच्या खांद्यावर टाकला.

"घ्या फोरमन. चणं तेवढं काढून घेतो."

चणे मुठीत घेऊन ते शेतात उतरले, नांगरापाशी गेले आणि मागच्या जागेवर चढून बसले. वजनाच्या जागेवर.

"मास्तर," त्यांनी तिथून हाक दिली, "हजेरी घ्या की. वजन म्हनून माझं नाव घाला."

माझी लेखणी हातातच राहिली. मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचं तोंड उघडं होतं. ते बांध उतरून आले. "मिस्त्री, हा काय तमाशा?"

"तमाशा न्हाय सायेब. तुमीच म्हनला, आता बसा. बसलोय की."

"अहो, फोरमन होता तुम्ही! मी खुर्ची देतोय तुम्हाला!"

"खुर्चीवर बसलं की नांगर हलत न्हाय सायेब. हितं बसलं की हलतो."

पुढची जागा रिकामी होती. चाक धरणारा नसेल तर नांगर सुटणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिस्त्रींनी बाभळीकडे पाहिलंही नाही. ऊन चढायला लागलं. ते उघड्या अंगानं बसले होते, पाठीची हाडं दिसत होती. तेव्हा कुठं मला कळलं, की हा माणूसही म्हातारा आहे. कोटानं ते झाकलं होतं.

आबा उठला. सावकाश चालत नांगरापाशी आला. आजवर तो त्यांना 'मिस्त्री, तुमी' असंच म्हणत आला होता.

"आरं येड्या," आबा म्हणाला, "उतर खाली."

मिस्त्रींनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी कसा सांगू? कुणी अचानक अंगावर गार पाणी ओतावं तसा झाला. म्हणाले, "न्हाय उतरनार."

"लोक काय म्हनतील रं?"

"म्हनतील, दोन म्हातारी बसल्यात. चढ की. का माझ्यासंगं बसायची लाज वाटती?"

आबानं एकदा नामदेवकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींच्या उघड्या पाठीकडे. मग धोतराचा काचा मारला आणि पुढं चढून चाक धरलं. पटका सोडला, हात वर केला.

आणि शिट्टी होईना.

नामदेव शिट्टीच्या दोरीला हात लावून उभा होता आणि हात खाली येत नव्हता. ज्यांनी त्याला 'अहो' म्हणून माणसात आणलं, ते वजन होऊन समोर बसलेले. त्यांना ओढायचं कसं? आबाचा हात वर तसाच. साहेबांनी घड्याळ काढलं. आता आबा हात खाली घेणार, उतरणार, आणि सगळं संपणार.

तेवढ्यात नांगरावरून आवाज आला, सगळ्या रानाला ऐकू जाईल असा. "अवो नामदेवराव! थोरल्यानं हाक मारलीया. ओ देताय, का कान उपटायला येऊ?"

कुणीतरी हसलं. मग बाभळीखालचे हसले. आणि इंजिनानं अशी लांब शिट्टी दिली, की बांधावरचे बगळे उडाले. तार ताणली, नांगर हलला. म्हातारे एकेक करून उठले आणि आपापल्या कामाला लागले. साहेब मोटारीत बसले. मी हजेरी घेतली. भिवाआबाच्या नावाखाली 'वजन' म्हणून मिस्त्रींचं नाव लिहिताना माझं अक्षर पहिल्या दिवसासारखं तिरकं गेलं.

मला वाटलं, हे एका दिवसाचं. फार तर आठवड्याचं. तसं झालं नाही. मिस्त्री वजनाच्या जागेवर बसले ते बसलेच. साहेबांनी पुन्हा बोलावलं, गेले नाहीत. वर्कशॉपातल्या खुर्चीवर मांजर बसायला लागलं. नामदेव हुकूम द्यायचा, हे "व्हय फोरमन" म्हणून उठायचे. ते बघून बाकीच्या म्हाताऱ्यांना उठायला जड जात नसे. मी मात्र कित्येक दिवस ते बघू शकत नव्हतो. एकदा न राहवून म्हटलं, "मिस्त्री, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. पाठ दुकती," ते म्हणाले. मग जरा थांबून, "नामदेवरावास्नी पहिल्यापासनं 'अवो' म्हनत आलो म्हनून त्या दिशी जीभ अडली न्हाय. हाताखालचं पोर कवा डोक्यावर येईल ते सांगता येत न्हाय मास्तर. तवा शिकायला बसलं तर जमत न्हाय. आधीपासनं जिभेला सवय पायजे."

म्हणजे मलाही ते 'अहो' म्हणत होते ते यासाठीच? मी तर हजेरी कारकून. माझ्या हाताखाली ते कशाला येतील? हे विचारायचं माझ्या मनात राहून गेलं, आणि पुढं विचारायची गरज उरली नाही.

त्याच हिवाळ्यात बारामतीहून तार आली. आई गेली होती. गावकऱ्यांनी सगळं उरकलंही होतं. मी निघालो तरी जाऊन काय बघणार? इंजिनाच्या छपरामागं मी बसून राहिलो. माणसं येऊन गेली. "मास्तर, धीर धरा," म्हणाली. नामदेव पाण्याचा तांब्या ठेवून गेला. "मास्तर, तुमी रजा घ्या," म्हणाला. सगळे मास्तर, मास्तर. त्या हाकेनं माझ्या काळजात नुसती पोकळी होत होती. आता मी कायमचा मास्तर झालो होतो, कुणाचा कुणी नव्हतो.

दुपारच्या सुट्टीत मिस्त्री आले. अंगाला माती, पाठीला हात लावत. शेजारी टेकले. मग धोतराच्या सोग्याची गाठ सोडली, माझा हात धरला, तळवा उघडला आणि त्यावर मूठभर चणे ठेवले.

"आरं," ते म्हणाले, "खा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझे दात सगळे शाबूत होते. तरी ते चणे मी चावले नाहीत. एकेक करून गालात ठेवले, आणि दिवस मावळेपर्यंत तसेच धरून राहिलो.